आमच्या पार्टीचं नाव काय ठरेना

पहिलं नाव सुचलं ते बेळगाव जनता पार्टी. सगळ्यांना पटलं पण होतं. बेळगाव आहे, जनता आहे, आणखी काय पाहिजे, आणि आमच्यातल्या एकानं तर मोबाईलवर लगेच लोगो करायला घेतला. मग आमच्यातला वकील (खराच वकील आहे, कोर्टात जातो) चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, शॉर्टफॉर्म काढून बघा की जरा. बे चा बी, ज चा जे, पा चा पी. दोन सेकंद सगळे गप्प आणि मग जे हसत सुटलो ते चहावाला आतनं बघायला आला काय झालं म्हणून.

तर हे असं गेले दीड महिना चाललंय.

थोडं मागचं सांगतो. आम्ही काय पुढारी बिढारी नाही. वडगाव-शहापूर भागातली नऊ-दहा माणसं, दोघं मागवाले म्हणजे घरात पॉवरलूम असलेले, एक रिटायर मास्तर, एक वकील, एक गॅरेजवाला, दोघं शेतकरी आणि माझ्यासारखे एकदोन नोकरी करून संध्याकाळी रिकामे. सुरुवात झाली बळ्ळारी नाल्यावरनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पावसाळ्यात हा नाला तुंबला की पाणी उलटं शेतात शिरतं, भात आठ-आठ दिवस पाण्याखाली, आणि इकडं गल्लीत गटार वर येतं ते वेगळंच. दरवर्षी आपण निवेदन देतो. निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो, फोटोत आपण सगळे हसून उभे, आणि गटार जिथल्या तिथं. मागच्या पावसाळ्यात कंटाळून आम्हीच दोन रविवार फावडी घेऊन आमच्या बाजूचं एक गटार मोकळं केलं. काय नाही हो, प्लास्टिक आणि मागाचा सुताचा गुंता, पण ट्रॉलीभर निघाला. तिथनं कुणीतरी म्हणालं की आता महापालिकेला उभंच राहू.

पूर्वी हा नावाचा प्रश्नच नसायचा. बेळगावच्या पालिकेत मराठी गट, कन्नड-उर्दू गट असंच चालायचं, कुणाच्या कपाळावर पार्टीचा शिक्का नसायचा. २०२१ ला पहिल्यांदा मोठ्या पार्ट्या आपापल्या चिन्हावर उतरल्या आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपच्या आल्या. तेव्हापास्नं सगळ्यांना कळलं की सुट्टं सुट्टं उभं राहिलं की एकाला बादली, एकाला शिट्टी, एकाला गॅस शेगडी अशी चिन्हं मिळतात आणि प्रचार करता करता आपलंच चिन्ह आपण विसरतो. म्हणून रजिस्टर पार्टी. वकील म्हणाला करूया, पण कागद लागतात.

कागद म्हणजे असे, की लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं २९ अ कलम, त्याखाली पक्ष स्थापन झाल्यापास्नं तीस दिवसांत दिल्लीला निवडणूक आयोगाकडं अर्ज, दहा हजाराचा डीडी, पक्षाची घटना, कमीत कमी शंभर सभासद आणि शंभरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रतिज्ञापत्र की मी मतदार आहे आणि दुसऱ्या कुठल्या नोंदणीकृत पक्षाचा सभासद नाही. नंतर पेपरात जाहीर नोटीस द्यायची, दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. लग्नाआधी बोहल्यावर विचारत नाहीत का, तसं. नाव दुसऱ्या कुठल्या पक्षासारखं दिसता कामा नये आणि धर्माबिर्माचं नाव तर आयोग आता घेतच नाही. आणि हे सगळं करून मिळतं काय तर नोंदणी, मान्यता नाही. मान्यता मतं पडल्यावर. नुसतं नाव नोंदवून गप्प बसलेल्यांची अवस्था बघा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगानं एकदम ३३४ पक्ष यादीतनं काढले, पुढच्याच महिन्यात आणखी ४७४, का तर सहा वर्षांत एक पण निवडणूक लढवली नाही. तरी दोन हजारांवर उरलेत! म्हणजे आपण जे नाव काढू ते कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं असणार याची तयारी ठेवायची. जन, जनता, भारतीय, राष्ट्रीय, समाज, विकास हे सहा शब्द पत्त्यासारखे पिसले की एक पक्ष तयार होतो, आणि तो झालेला असतो.

पण आमचा खरा प्रॉब्लेम आयोग नाहीच. आमचा प्रॉब्लेम बेळगाव आहे.

इथं नाव एका भाषेत ठेवून चालत नाही. मराठीत छान वाटलं पाहिजे, कन्नडमध्ये भलतं काही होता कामा नये, उर्दूवाल्यांच्या जिभेवर बसलं पाहिजे आणि अर्ज इंग्रजीत. आमच्यातले ते दोन मागवाले कन्नड. त्यातले थोरले, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मराठी आपल्यासारखंच बोलतात, पण प्रत्येक नाव ते आधी तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये घोळवून बघतात, सुपारी चघळल्यासारखं, आणि मग तोंड वाकडं करतात.

मास्तरांनी सुचवलं 'नागरिक हक्क पक्ष'. चांगलं आहे की नाही? आण्णा म्हणाले, हक्कु म्हणजे अधिकार, तेवढं ठीक, पण आमच्या बायका घरात बोलताना हक्की करून टाकणार बघा. आणि हक्की म्हणजे पक्षी री. झालं. नागरिक पक्षी पक्ष. गॅरेजवाला म्हणाला मग निशाणी कोंबडा घ्या.

मग 'सीमा विकास आघाडी'. हे माझं होतं, मला आवडलं होतं, कारण आपण सीमाभागातलेच ना. आण्णा म्हणाले सीमेला आम्ही गडी म्हणतो. गडी. म्हणजे मराठीत ज्याला रोजगारावर बोलवतात तो. शेतकरी पोट धरून हसला, म्हणाला गडी विकास आघाडी केलीत तर मी पहिला सभासद, सुगीत एक गडी मिळंना झालाय. आणि खरं सांगायचं तर सीमा शब्द नंतर मलाच नको वाटायला लागला. आपण सीमेवर राहतो हे दुसऱ्यांनी म्हणायचं. आपल्या घरातनं बघितलं तर आपण मधोमधच असतो की.

एका नावावर मात्र बराच वेळ थांबलो. रयत. हा शब्द मला अजून पण सोडवत नाही. मराठीत रयत, महाराजांची रयत, कर्मवीर अण्णांची रयत शिक्षण संस्था. कन्नडमध्ये तोच शब्द रैत, म्हणजे सरळ शेतकरी, नंजुंडस्वामींची रैत संघ चळवळ आण्णांच्या वडलांनी बघितलेली, हिरवी शाल घातलेली. आणि मूळ तर अरबी-फारसीतनं आलेला, त्यामुळं गॅरेजवाल्याला पण परका नाही. एक शब्द तीन घरांत नांदतोय म्हटल्यावर आणखी काय हवं होतं. पण मास्तर म्हणाले, रयत म्हणजे राजा आला. आपण रयत झालो तर राजा कोण, कमिशनर? यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. शिवाय शेतकरी सोडून मागवाले कुठं जाणार हा पण मुद्दा निघाला. रयत पडली. मला अजून वाईट वाटतं.

गावाचं नाव घालायचं म्हटलं तर आणखी गंमत. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पास्नं बेळगावी, बंगळूरू आणि बाकीच्या गावांबरोबर एकदम बारा गावांची नावं बदलली तेव्हाचं. मराठी माणूस बेळगावच म्हणतो, म्हणणारच. हिंदी-उर्दूत बेलगाम, ज्याचा अर्थ लगाम नसलेला, आणि गॅरेजवाल्याच्या मते पार्टीला हेच नाव सगळ्यात फिट. मास्तरांनी वेणुग्राम काढलं, जुनं नाव, वेळूचं गाव. ऐकायला गोड आहे पण एखाद्या अपार्टमेंटचं किंवा बासरीच्या क्लासचं वाटतं. रिक्षावर भोंगा लावून 'वेणुग्राम पक्षाला विजयी करा' म्हटलं तर लोक विचारणार प्लॉट कितीला.

नावासाठी आपल्याकडं डोकी फुटलेली आहेत हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. २०१४ चाच जुलै. येळ्ळूरच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' अशी पाटी होती, कितीतरी वर्षांची. कोर्टाच्या आदेशानं ती काढली, गावानं परत उभी केली, परत काढली आणि घराघरात शिरून लाठ्या चालल्या. तीन शब्द. एका पाटीवर तीन शब्द होते फक्त. म्हणून कुणी म्हणालं ना की नावात काय आहे, तर मी त्याला येळ्ळूरला घेऊन जातो.

मी गेला महिनाभर रात्री हेच बघत बसतो, बाकीच्यांनी नावं कशी ठेवली. बायको म्हणते पोराचं नाव ठेवताना एवढा अभ्यास केला नव्हतास. पण बघण्यासारखं आहे खरं. मनसे बघा, महाराष्ट्र नवनिर्माण सेना, तसं लांबलचक आहे पण शॉर्टफॉर्म काय पडलाय, मन से. शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, त्यात खटका आहे, बोलायला जोर येतो. वंचित बहुजन आघाडीचं तर लोकांनी वंचित एवढंच ठेवलं. म्हणजे तुम्ही काय पण ठेवा, लोक त्यातलं एक टोक धरून ओढतात आणि तेच नाव होतं. आपल्या कर्नाटकात वाटाळ नागराजांनी तर पक्षाच्या नावात स्वतःचंच नाव घातलंय, कन्नड चळवळी वाटाळ पक्ष. आपल्याला त्या माणसाचं राजकारण पटायचा प्रश्नच नाही, पण कॉन्फिडन्स बघा. (आणि चळवळ शब्द दोन्हीकडं एकच आहे, हे पण त्यातनंच लक्षात आलं. भांडणारे दोन्हीकडचे एकाच शब्दानं भांडतात.) येडियुरप्पांनी २०१२ ला कर्नाटक जनता पक्ष काढला, चिन्ह नारळ, २०१३ ला जागा आल्या सहा पण भाजपला ४० वर आणून बसवलं, आणि वर्षाच्या आत परत माघारी. नारळ फुटला म्हणायचं. तेलंगणात केसीआरनी चांगलं चाललेलं तेलंगणा राष्ट्र समिती नाव २०२२ ला बदलून भारत राष्ट्र समिती केलं, देशभर जायचं म्हणून, आणि पुढच्याच वर्षी घरचंच राज्य गेलं. नावामुळं गेलं असं मी म्हणत नाही, पण गावाकडं म्हणतात ना नाव मोठं लक्षण खोटं.

सगळ्यात आवडली ती तमिळनाडूची गोष्ट. सिनेमातला विजय, त्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्ष जाहीर केला, तमिळग वेट्री कळगम. आणि लगेच तिकडच्या जाणकारांनी चूक काढली की व्याकरणाप्रमाणं दोन शब्दांच्या मध्ये एक 'क्' यायला पाहिजे. आणि त्यांनी खरंच तो क् घातला! एवढा मोठा हिरो, लाखानं पोरं मागं, आणि एका पाय मोडक्या क साठी नाव दुरुस्त केलं. हे ऐकून आमच्या मास्तरांच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

आणि मग आपल्या शेजारचा कंसाचा खेळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगानं शिवसेना नाव गोठवलं, एकाला दिलं शिवसेना कंसात उद्धव बाळासाहेब ठाकरे, दुसऱ्याला बाळासाहेबांची शिवसेना. २०२३ च्या फेब्रुवारीत मूळ नाव शिंदेंकडं. २०२४ ला राष्ट्रवादीचं तेच, एकाला नाव आणि घड्याळ, दुसऱ्याला नावापुढं शरदचंद्र पवार. रिपब्लिकन पक्षाचे कंस तर मोजायचे सोडून दिलेत. आपल्याकडचं जनता दल पण कंसात सेक्युलर. मथुरेत एक कंस होता तर एवढं महाभारत झालं, इथं प्रत्येक पक्षाला एक आहे. वकिलाचं म्हणणं, फुटायच्या आधीच नाव असं ठेवा की कंस लावायला जागाच राहू नये. मी म्हटलं आपण दहा जण आहोत, फुटून काय अडीच-अडीच जण होणार काय. तो म्हणाला समितीकडं बघ.

समिती. आली शेवटी. हा विषय मी टाळत होतो, लिहिताना पण आणि मिटिंगमध्ये पण.

बेळगावात मराठी घरात समिती म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणारी, हे पूर्ण नाव फक्त पत्रकावर. माणूस 'समितीचा' असतो किंवा नसतो. माझे पप्पा समितीचे. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात ते विशीत होते, गोळीबारात माणसं गेली तेव्हाचं ते फार बोलत नाहीत, पण दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातात, १७ जानेवारीला हुतात्मा चौकात, १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीला, आता गुडघा दुखतो तर फेरीच्या मागं मागं स्कूटरवरनं. ज्या गावात १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला त्या गावाला महाराष्ट्रात यायला एवढी वर्षं लागतात हे त्यांना अजून खरं वाटत नाही. २००४ पास्नं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा आहे, त्यांच्या पँटच्या खिशात तारखांचा कागद असतो.

आणि एकीकरण नावाच्या समितीचं जितकं विभाजन झालं तितकं गटारीच्या टेंडरचं पण झालं नसेल, हे मी त्यांच्यासमोर बोलू शकत नाही पण इथं लिहितो. २०१३ ला दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला दोन गट एकमेकांसमोर उभे आणि आमदार शून्य. २०२३ ला पण शून्य. मधी २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत एका तरुण पोराला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली, म्हणजे माणसं आहेत, नाव अजून चालतंय, पण ते नाव कोण किती जोरात ओढतंय यावर सगळं.

पप्पांना पहिल्यांदा सांगितलं की आम्ही पार्टी काढतोय तर म्हणाले काढा की, नाव काय? म्हटलं ठरतंय. म्हणाले त्यात महाराष्ट्र आहे काय? मी म्हटलं पप्पा त्यात कन्नड माणसं पण आहेत. ते काय बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला. शिवसेनेचं नाव १९६६ ला प्रबोधनकारांनी सुचवलं म्हणतात, म्हणजे पोराच्या पक्षाला बापानं नाव दिलं. माझ्या बापानं हरकत दिली, ती पण नोटीस छापायच्या आधीच.

नावात महाराष्ट्र घातलं तर आण्णा जातात, कर्नाटक घातलं तर पप्पा जातात, आणि दोघांच्या घरातनं गटाराचं पाणी एकाच नाल्याला जातं.

परवाच्या मिटिंगला मी 'आपलं बेळगाव' सुचवलं. साधं. आण्णांनी नेहमीप्रमाणं तोंडात घोळवलं आणि म्हणाले कन्नडमध्ये नम्म बेळगावी, बरं वाटतंय. मग सहज विचारलं, पण आपलं कशाला, आमचं बेळगाव का नको? आता हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं आण्णा, आमचं म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून. आपलं म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. मी तुम्हाला आमचं घर म्हटलं तर ते माझं आणि माझ्या बायकोचं, आपलं घर म्हटलं तर तुम्ही पण आत. ते थांबले. चाळीस वर्षं मराठी बोलणारा माणूस, पण हे त्यांना कधी असं सुटं करून दिसलं नव्हतं. म्हणाले, नम्मल्लि एरडू ओंदे री, आमच्यात दोन्हीला एकच, नम्म. मग त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या मोर्च्यात काय म्हणतात? आणि मला घोषणा आठवली, लहानपणापास्नं घसा फोडून दिलेली, बेळगाव आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं. आमच्या. मी काय बोललो नाही. त्यांना पण माहीत होतंच, ते काय बहिरे आहेत काय, घर त्याच रोडवर आहे.

मग तेच म्हणाले, आमचे लोक पण नम्म म्हणतात तेव्हा त्यात तुम्ही असता असं काय नाही. आमच्या शब्दात दोन्ही मावतं म्हणून लपतं फक्त. तुमच्यात बोलतानाच सापडतं.

त्या रात्री मिटिंग लवकर संपली.

'आपलं बेळगाव' वर पण हरकती आल्याच. शॉर्टमध्ये आप होतं, आणि आप २०१२ लाच दिल्लीवाल्यांनी नेलंय. गॅरेजवाला 'अपना बेलगाम' म्हणतो तर दुकानाचं नाव वाटतं. आणि वकिलानं विचारलं की इंग्रजी अर्जात बेळगाव लिहायचं की बेळगावी. तिथं परत दोन तास. पेंटरकडं बोर्डाचा अंदाज विचारायला गेलो तर तो आम्हाला बघून म्हणाला आधी सांगा, वर कुठली भाषा. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असा नियम झाल्यापास्नं तो मोजपट्टी घेऊनच बसतो. मी म्हटलं अजून नावच नाही. तो म्हणाला नाव नंतर द्या, वर कुठली भाषा ते ठरवून या, भांडण तिथंच असतं, मी तीस वर्षं बोर्ड रंगवतोय.

शिवाय एकदा नाव ठरलं की चिन्ह आलं, आणि चिन्हानं काय होतं ते २०२४ ला साताऱ्यात बघितलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालं ट्रम्पेट, ज्याला मराठीत पण तुतारीच लिहिलेलं. आपण त्याला पिपाणी म्हणतो. पिपाणीला ३७ हजार मतं पडली आणि शशिकांत शिंदे ३२ हजारांनी पडले. म्हणजे दिल्लीत बसून कुणीतरी एक शब्द मराठीत आणला आणि साताऱ्याचा खासदार ठरला असं म्हणायला जागा आहे. आमच्याकडं तर तीन भाषांत आणायचंय.

आता मधल्या मधी झालं काय, की गेल्या आठवड्यात मी सकाळी दूध घेऊन येत होतो तर पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी, ओळख नाही पाळख नाही, वरनं गॅलरीतनं ओरडल्या, ओ गटारवाले! आमच्याकडं पण तुंबलंय बघा जरा! मी इकडं तिकडं बघितलं, मलाच. मागनं कळलं की अख्ख्या भागात आम्हाला गटारवाले म्हणतात. कन्नड घरांत पण गटारदवरु. दीड महिना आम्ही व्हॉट्सअपवर शब्द पिसत बसलोय आणि तिकडं नाव ठेवून, वाटून, वापरून पण झालं. मिटिंगला सांगितलं तर मास्तरांना आवडलं नाही, म्हणाले अर्जावर काय गटार पक्ष लिहिणार? आण्णांनी तोंडात घोळवायचं पण नाकारलं. शेतकरी मात्र म्हणाला ह्या नावाला कंस लागणार नाही, कोण मागणारच नाही. (मावशींचं गटार आम्ही केलं. आत एक आख्खी उशी निघाली.)

तोपर्यंत वकिलानं प्रतिज्ञापत्रं गोळा करायला घेतलीत. नावाची जागा मोकळी ठेवून मजकूर टाईप केलाय, शंभरातली ४३ जणांची तोंडी तयारी आहे. चव्वेचाळीसावे म्हणून मी पप्पांच्या पुढं कागद ठेवला. गटाराच्या दोन्ही रविवारी ते खुर्ची टाकून बसले होते, चहा पण त्यांनीच आणवला, म्हटलं सही करतील. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी अन्य कोणत्याही नोंदणीकृत राजकीय पक्षाचा सभासद नाही.

म्हणाले, हे खोटं होईल. मी समितीचा आहे.

मी वकिलाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला काका काय अडचण नाही, समितीचे उमेदवार निवडणुकीला अपक्ष म्हणूनच असतात, कायद्याच्या भाषेत तुम्ही कुठल्याच पक्षात नाही.

पप्पा बराच वेळ फोनकडं बघत राहिले. मग म्हणाले, चाळीस वर्षं लाठ्या खाऊन मी अपक्ष?

वकील तिकडं गप्प, मी इकडं गप्प. आई आतनं बाहेर येऊन परत आत गेली. मी कागद उचलायला लागलो तर त्यांनी हात ठेवला त्यावर, काढू दिला नाही. संध्याकाळपर्यंत तो टीव्हीच्या खालीच होता, रिमोट वर ठेवलेला. जेवताना विषय नाही. झोपायला जाताना दारात उभं राहून म्हणाले, हे सगळं इंग्रजीत आहे. मराठीत मिळतंय काय विचार त्याला.

वकिलाला मेसेज टाकला. तो म्हणतो नोटरीला विचारून उद्या सांगतो.